दिसत नाही ते

एकाहत्तरचं युद्ध आमच्या घरात दोनच गोष्टींपुरतं उरलं होतं. एक म्हणजे आईच्या ब्लॅकआउटच्या आठवणी: काचांना डकवलेला काळा कागद, भोंगा झाला की विझणारे दिवे आणि अंधारात जिन्यावर बसून भेंड्या खेळणारी चाळीतली पोरं. दुसरी म्हणजे आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून पुढे बरेच महिने प्रत्येक पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट आहे, निर्वासितांच्या मदतीसाठीचं. सुरुवातीची काही तिकिटं तर चक्क कुटुंबनियोजनाची आहेत, वर ‘रेफ्युजी रिलीफ’ असं छापून वेळ मारून नेलेली. सीमेपलीकडून एक कोटीच्या घरात माणसं आली होती. नवं तिकीट छापून होईपर्यंत थांबायला सरकारला सवड नव्हती. म्हणून तिकिटावरचं ते छोटं, सुखी कुटुंब एका शिक्क्याने निर्वासित झालं.

फोटो म्हणाल तर एकच ठाऊक होता. १६ डिसेंबरचा, ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवरचा. टेबलाशी फेटा बांधलेले आपले जनरल जगजितसिंग अरोरा, शेजारी मान खाली घालून शरणागतीवर सही करणारे पाकिस्तानचे जनरल नियाझी, मागे आपल्या अधिकाऱ्यांची रांग. हा फोटो सरकारी कचेऱ्यांत असतो, शाळेच्या पुस्तकात असतो, दर १६ डिसेंबरला मोबाइलवर येतो. त्याला फोटोओळ लागतच नाही. कोण जिंकलं आणि कोण हरलं, हे कोण सही करतंय आणि कोण बघतंय त्यावरूनच कळतं.

मी पुढे वर्तमानपत्राच्या डेस्कवर आले आणि रात्रपाळीत फोटोओळी लिहिणं हे माझ्या वाट्याचं काम झालं. नव्या उपसंपादकाला नेहमी हेच काम देतात, कारण ते सोपं समजलं जातं. एजन्सीचा फोटो यायचा, त्याला इंग्रजीत पाच-सहा ओळींची माहिती चिकटलेली असायची, तिचं दोन ओळींत मराठी करायचं. आमचे वृत्तसंपादक म्हणायचे, “फोटोत दिसतंय ते परत सांगू नका. आंधळ्यासाठी लिहीत नाही आपण. दिसत नाही ते सांगा.” कोण, कुठे, कधी, कुणाच्या हातून. फोटोत रडणारी बाई दिसते, तिचा नवरा कुणी मारला ते दिसत नाही. जळणारं घर दिसतं, काडी कुणी लावली ते दिसत नाही. युद्धाच्या फोटोंचा सगळा जीव त्या न दिसणाऱ्या भागात असतो आणि तो भाग छायाचित्रकार कॅमेऱ्याने टिपू शकत नाही. तो कुणीतरी शब्दांत लिहून द्यावा लागतो.

हे मला नीट कळलं ते किशोर पारेखांच्या एका फोटोमुळे.

पारेख मूळचे भावनगरचे. अमेरिकेत शिकले, १९६१ ते ६७ ‘हिंदुस्तान टाइम्स’चे मुख्य छायाचित्रकार होते. बिहारच्या दुष्काळाचे त्यांचे फोटो पाहिले की आजही जेवण गोड लागत नाही. ताश्कंदला शास्त्रीजी गेले तेव्हा तिथेही हे होते. एकाहत्तरमध्ये ते कुठल्याच वर्तमानपत्राच्या वतीने गेले नव्हते. कुणी पाठवलं नव्हतं, परवाना नव्हता. फिल्मचे रोळ घेऊन निघाले आणि लष्कराच्या हेलिकॉप्टरमध्ये कशीबशी जागा मिळवली. जेमतेम दोन आठवडे तिकडे होते. त्यातले ६७ फोटो निवडून १९७२ मध्ये पुस्तक काढलं. १९८२ मध्ये हिमालयात काम करत असतानाच हृदयविकाराने गेले.

त्या ६७ फोटोंपैकी एक फोटो तुम्ही बहुधा पाहिला असेल. एक माणूस उभा आहे. त्याची लुंगी कमरेपाशी पुढे ओढून उघडलेली आहे आणि हत्यारबंद सैनिक आत डोकावून पाहतो आहे. इंटरनेटवर हा फोटो वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि त्याखालची ओळ साधारण अशी असते: पाकिस्तानी सैनिक बंगाली माणसाची सुंता झाली आहे की नाही, म्हणजे तो हिंदू की मुसलमान, हे तपासताना. ही ओळ वाचली की फोटो लगेच ‘समजतो’. अंगावर काटा येतो, राग येतो, पुढे पाठवला जातो.

पारेखांच्या स्वतःच्या पुस्तकात मात्र या फोटोखाली वेगळं लिहिलं आहे. सैनिक भारतीय आहेत. पाकिस्तानचे हस्तक असल्याच्या संशयावरून त्यांनी गावकऱ्यांना गोळा केलं आहे आणि लुंगीत शस्त्रं लपवली आहेत का, ते पाहत आहेत.

फोटो तोच. एक कणही हललेला नाही. फक्त खालची ओळ बदलली, की गणवेशाचा देश बदलतो, डोकावणाऱ्या नजरेचा हेतू बदलतो आणि त्या उभ्या माणसाचा धर्मही बदलतो.

आता कुणी म्हणेल, पण तसं घडलं तर होतंच ना? घडलं होतं. नुसत्या सांगोवांगीवर नाही, तर एका प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसाने लिहून ठेवलं आहे, आणि तो माणूस जन्माने बेळगावचा. अँथनी मस्करेन्हस. गोव्याकडच्या ख्रिस्ती घरातला, १९२८ चा जन्म. कराचीत वाढला, तिथेच पत्रकार झाला. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवून आणलं, सारं कसं आलबेल आहे ते लिहिण्यासाठी. सात जणांनी हवं तसं लिहिलं. मस्करेन्हसने परत येऊन बायकोला सांगितलं की पाहिलं ते लिहिता आलं नाही तर यापुढे काहीच लिहिता येणार नाही. तो लंडनला गेला, ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना भेटला, आधी बायकोमुलांना देशाबाहेर काढलं, मग स्वतः अफगाणिस्तानच्या सीमेवरून सटकला. १३ जून १९७१ ला लेख छापून आला. एका शब्दाचा मथळा: जेनोसाइड, म्हणजे वंशसंहार.

त्या लेखाची सुरुवातच एका चोवीस वर्षांच्या शिंप्यापासून होते. कोमिल्लाजवळ लष्कराची तुकडी पाहून तो पळाला. घाबरून पळाला ही त्याची चूक. त्याला धरलं. हिंदू असेल, बंगाल्यांच्या आवामी लीग पक्षाचा असेल, असा संशय. मस्करेन्हस त्याच्या बाजूने बोलला. मग त्याला लुंगी सोडायला लावली. सुंता झालेली दिसली आणि हिंदू नाही एवढं तरी सिद्ध झालं. त्या क्षणाचा फोटो माझ्या तरी पाहण्यात नाही.

म्हणजे एक प्रसंग आहे ज्याचा फोटो नाही. आणि एक फोटो आहे, जो हुबेहूब त्या प्रसंगासारखा दिसतो. लोकांनी दोघांचं लग्न लावून दिलं. यात सगळेच लबाड होते असं मी म्हणणार नाही. पुष्कळांना मनापासून वाटलं असणार की हा तोच पुरावा. खऱ्या गोष्टीला फोटो नसला की मनाला चैन पडत नाही. जवळपासचा कुठलाही फोटो उचलून आपण तिथे टांगतो.

डेस्कवर हे रोज व्हायचं. कुठे दंगल झाली आणि फोटो आला नाही, की मागच्या दंगलीचा जळका टायर काढून ‘संग्रहित’ असं बारीक अक्षरात लिहून लावायचा. टायर तर सगळीकडे सारखेच जळतात.

पण या अदलाबदलीने काय गमावलं, ते पाहा. पारेखांनी जे दाखवलं होतं, ते पुसलं गेलं. मुक्त करायला आलेल्या सैन्यानेही गावकऱ्यांना रांगेत उभं करून त्यांच्या लुंग्यांत डोकावून पाहिलं होतं. बाजू कुठलीही असो, बंदूक ज्याच्या हातात असते त्याला समोरच्याचं अंग तपासायचा हक्क आपोआप मिळतो. एका भारतीय छायाचित्रकाराने, भारतीय सैन्याच्या हेलिकॉप्टरमधून जाऊन, विजयाचे ढोल वाजत असताना हे टिपलं आणि पुस्तकात घालताना खाली खरी ओळ लिहिली. मला त्या माणसाचं मोठेपण फोटोपेक्षा त्या ओळीत जास्त दिसतं. कुंपणापलीकडच्यांचे अत्याचार टिपायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्यांच्या हातातल्या बंदुकीकडे कॅमेरा वळवला की लगेच शेजारी बसणारा माणूससुद्धा जरा सरकून बसतो.

दुसरं नुकसान जास्त व्यवहारी आहे. एकाहत्तरमध्ये काही झालंच नाही, किंवा झालं ते फुगवून सांगितलं जातं, असं म्हणणारे लोक आहेत. त्यांना फार कष्ट करावे लागत नाहीत. एक चुकीची फोटोओळ हाती लागली की पुरे. ‘हा फोटो खोटा, म्हणजे शिंप्याची गोष्टही खोटी.’ शिंप्याची गोष्ट मस्करेन्हसच्या शब्दांवर उभी होती, भक्कम उभी होती. आपणच तिला उसन्या फोटोचा टेकू दिला आणि तो टेकू काढला की ती पडेल अशी करून ठेवली.

फोटोशी असं खेळणं आपल्याकडे नवं नाही म्हणा. लखनौच्या सिकंदरबागेत १६ नोव्हेंबर १८५७ ला सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. फेलिचे बियातो हा छायाचित्रकार तिथे पोहोचला तो पुढच्या वर्षीच्या वसंतात. तरी त्याच्या प्रसिद्ध फोटोत पडक्या वाड्यापुढे हाडं आणि कवट्या पसरलेल्या आहेत. ती हाडं फोटोसाठी आणून मांडली होती, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. लढाई हुकली म्हणून त्याने अंगणात तिचा देखावा मांडला.

पारेखांच्या फोटोत मांडणी नव्हती. मांडणी नंतर झाली, शब्दांत. पण एकाहत्तरच्याच डिसेंबरमध्ये असेही फोटो निघाले, ज्यांच्याबद्दल आजवर वाद आहे की समोर जे घडलं ते कॅमेऱ्यासाठी तर घडलं नाही ना.

शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, ढाक्यात मैदानावर मोठी सभा झाली. सभेनंतर कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली सैनिकांच्या, गटाने हात बांधलेले काही कैदी पुढे आणले. रझाकार, म्हणजे पाकिस्तानी लष्कराचे स्थानिक साथीदार, असल्याचा, बायका पळवल्याचा आरोप. भोवती हजारोंची गर्दी आणि अगदी पुढे परदेशी छायाचित्रकार. आधी मारहाण झाली, सिगारेटचे चटके दिले गेले, मग संगिनींनी भोसकून मारलं. मार्क रिबू आणि पेनी ट्वीडी यांच्यासारखे काही छायाचित्रकार मध्येच निघून गेले. आपण इथे आहोत म्हणूनच हे चाललं आहे, कॅमेरे गेले तर कदाचित थांबेल, असा त्यांचा होरा. असोसिएटेड प्रेसचे हॉर्स्ट फास आणि मिशेल लॉरां थांबले. फास व्हिएतनाम पाहिलेला मुरलेला गडी, पत्रकारितेतलं १९६५ चं पुलित्झर पारितोषिक त्याच्या नावावर होतं; तरी हात इतके थरथरत होते की फिल्म बदलता येईना, असं तो नंतर सांगत असे. १९७२ मध्ये दोघांना या फोटोंसाठी पुलित्झर मिळालं.

यातलं कोण बरोबर? मी यावर पुष्कळ डोकं खाजवलं आहे. कॅन्टीनमध्ये चहावर वाद घातले आहेत. निघून जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या निघून जाण्याने कुणी वाचलं नाही. थांबणाऱ्यांचे फोटो नसते तर विजयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जेत्यांच्या मैदानावर काय झालं, हे आज कुणी मान्य केलं नसतं. तेव्हा, पुरस्काराचा भाग घशाखाली उतरत नसला तरी, माझं मत थांबणाऱ्यांच्या बाजूने पडतं. लॉरांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच वर्षी २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली आणि परदेशी पत्रकारांना ढाक्याबाहेर काढलं, तेव्हा हॉटेल इंटरकॉन्टिनेन्टलमध्ये लपून मागे राहिलेल्या दोघांपैकी एक हाच होता, दुसरा सायमन ड्रिंग. ज्या डोळ्यांनी मार्चमध्ये बंगाल्यांची प्रेतं पाहिली, तेच डोळे डिसेंबरमध्ये बंगाल्यांच्या हातातल्या संगिनी पाहत होते. १९७५ मध्ये, सायगाव पडण्याच्या दोन दिवस आधी, लॉरां व्हिएतनाममध्ये मारला गेला.

त्या मैदानावर एक स्थानिक छायाचित्रकारही होते, त्यांचा उल्लेख पुरस्कारांच्या गोष्टीत येत नाही. रशीद तालुकदार. ढाक्याच्या वर्तमानपत्रांत नोकरी करणारा माणूस. युद्धाच्या अखेरीस मारून टाकलेल्या बंगाली विचारवंतांची प्रेतं ढाक्यातल्या रायेरबाजारच्या वीटभट्टीत सापडली, तेव्हा चिखलात आणि विटांत रुतलेला एक चेहरा त्यांनी टिपला. मिटलेले डोळे, जणू दगडात कोरलेला. तो फोटो बांगलादेशाच्या स्मृतीचा भाग झाला. १८ डिसेंबरचे फोटो मात्र त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ बाहेर काढले नाहीत. भीती होती. फास आणि लॉरां विमानात बसून निघून जाऊ शकत होते. तालुकदारांना त्याच शहरात भाजी आणायला जायचं होतं, ज्यांचे फोटो काढले त्यांच्याच राज्यात राहायचं होतं. परदेशी छायाचित्रकाराच्या धाडसाचं माप आणि गावातल्या छायाचित्रकाराच्या धाडसाचं माप एकच लावायचं नसतं. डबा बंद करून निगेटिव्ह जपून ठेवणं, जाळून न टाकणं, हेही कमी नाही.

आणि एक फोटो नायबउद्दीन अहमद यांचा. ते मयमनसिंहच्या कृषी विद्यापीठात छायाचित्रकार होते. पाकिस्तानी सैनिकांच्या अत्याचारांतून सुटलेल्या एका तरुणीचा तो फोटो आहे. तिचे केस मोकळे सुटले आहेत, पुढे येऊन पूर्ण चेहरा झाकतात, आणि त्यावर आवळलेल्या दोन मुठी. चेहरा अजिबात दिसत नाही. नव्या सरकारने अशा स्त्रियांना ‘बीरांगना’, म्हणजे वीरांगना, ही पदवी दिली आणि हा फोटो त्या सगळ्यांचा फोटो होऊन बसला. पोस्टरांवर, प्रदर्शनांत, पुस्तकांच्या वेष्टनांवर. कोण, कुठे, कधी विचारायची सवय लागलेल्या मला या फोटोने अडवलं. इथे ‘कोण’ची जागा भरावी, असं एकदाही वाटलं नाही.

१९९२ मध्ये ढाक्यात युद्धगुन्हेगारांविरुद्ध लोकांनी भरवलेली गण-अदालत झाली. तिथे कुष्टियाकडच्या तीन गरीब बायकांना साक्षीसाठी आणलं होतं. त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर झळकले. हेतू चांगला होता. पण वर्तमानपत्र गावातही येतं. वीस वर्षं जे गावात सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोलत नव्हतं, ते आता छापून आलं होतं. पुढे कित्येक वर्षं त्यांना पाणवठ्यावर, बाजारात, लग्नाकार्यात टोमणे खावे लागले. मुलांनाही ऐकून घ्यावं लागलं. नयनिका मुखर्जी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या स्त्रियांच्या गावात राहून हे सगळं सविस्तर लिहिलं आहे. त्यांच्या पुस्तकात गावाचं नाव बदललेलं आहे, बायकांचीही नावं बदललेली आहेत. पारेखांच्या त्याच लुंगीच्या फोटोवर, त्याच्या बदलत गेलेल्या ओळींवरही त्यांनीच लिहिलं आहे. एकीकडे फोटोखाली खरं नाव, खरा गणवेश लिहिला पाहिजे म्हणून धरलेला आग्रह, आणि दुसरीकडे नाव आणि गाव मुद्दाम पुसून टाकणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यात विसंगती वाटली होती. आता वाटत नाही. गोळी झाडणाऱ्याचा, झडती घेणाऱ्याचा गणवेश लिहायलाच हवा. ज्याची झडती घेतली गेली त्याचा पत्ता छापायचा की नाही, हा प्रश्न त्यालाच विचारायचा असतो.

कुष्टियाच्या बायकांना तो कुणी विचारला नव्हता, निदान त्यांना समजेल असा तरी नाही. फेरदौसी प्रियभाषिणी यांची गोष्ट वेगळी. त्या शिल्पकार, वाळकी लाकडं आणि मुळं वापरून काम करायच्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपण होऊन सांगितलं की मी बीरांगना आहे, एकाहत्तरमध्ये माझ्यावर काय काय झालं ते हे असं असं. मुलाखती दिल्या, कॅमेऱ्यापुढे बसल्या, कपाळावर भलीमोठी गोल टिकली लावून. २०१८ मध्ये त्या वारल्या तेव्हा ढाक्याच्या वर्तमानपत्रांत त्यांचे पुष्कळ फोटो आले. प्रत्येकाखाली पूर्ण नाव होतं आणि नावापुढे काय लिहायचं, ते त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं.